मालक सुट्टीवरून आले की

१२ मे. गोदामाच्या भिंतीवरच्या पाट्या आज उतरवायला घेतल्या. उद्या रंगारी येणार आहे. एकूण चौदा पाट्या. सगळ्या पत्र्याच्या, पिवळ्यावर लाल अक्षरं, आणि प्रत्येकीच्या खाली गावाचं नाव. ‘बोट एक, हात अनेक – आलेप्पी.’ ‘गप्प राहा, जनावर दिसेल – दांडेली.’ ‘आधी डोळ्यांनी जेवा – उटी.’ नव्या माणसाला वाटेल, आम्ही चादरी-टॉवेल विकत नाही, सहली काढतो. ओल्या फडक्यानं पुसतेय ते काही आदरापोटी नाही. भंगारवाला धुळीसकट घेत नाही म्हणतो.

या पाट्या आमच्या थोरल्या मालकांच्या. दोन वर्षांपूर्वी दुकान मुलाच्या हाती देऊन ते बेंगळुरूला लेकीकडे राहायला गेले. सात रस्ता या चौकाजवळ आमचं ठोक विक्रीचं दुकान, मागे गोदाम. एकोणीस वर्षं मी इथं पत्रव्यवहार, माल रवाना करणं आणि मालकांना समजून घेणं ही तीन कामं केली. पगार पहिल्या दोनांचा होता.

मालक वर्षातून एकदा, कधी दोनदा, कुटुंबाला घेऊन सहलीला जायचे. जाताना चांगले असायचे. येताना शिकून यायचे. परतल्यावरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला आम्ही सगळे गोदामात उभे आणि मालक एका गठ्ठ्यावर बसलेले. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, हातात छोटी डायरी. “शिकलो बघा,” अशी सुरुवात. हे दोन शब्द ऐकले की आमचा टेम्पोवाला शिंदे हळूच म्हणायचा, “मेलो बघा.”

आलेप्पीच्या बोटीत त्यांनी पाहिलं की स्वयंपाक करणारा माणूस मधूनच सुकाणू धरतो आणि सुकाणूवाला मासे तळतो. मालक स्वतः मासे खात नाहीत, तरी त्यांना ते फार भावलं. त्या सोमवारपासून दर बुधवारी कामांची अदलाबदल. माझ्या खुर्चीत शिंदे बसला आणि हुबळीच्या व्यापाऱ्याला त्यानं पत्र लिहिलं – ‘माल पाठवला आहे. पोचला तर कळवा. नाही पोचला तर आम्हाला विचारू नये.’ मी टेम्पो चालवावा असाही आग्रह झाला. मी म्हटलं, चालवते, पण मालक, पहिल्या फेरीला तुम्ही शेजारी बसा. तीन बुधवारांनंतर तो नियम आपोआप मिटला. पाटी मात्र राहिली.

दांडेलीच्या जंगलात गाइडनं सांगितलं होतं, बोललात तर काही दिसणार नाही. मालकांनी त्यातून धंद्याचं सूत्र काढलं. अकरा ते एक दुकानात कुणी बोलायचं नाही, म्हणजे गिऱ्हाईक मोकळेपणानं माल बघेल. दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटचे एक जुने व्यापारी आले. दुकानात सगळे हात बांधून गप्प. त्यांनी टोपी काढली, कोपऱ्यातल्या बाकावर टेकले आणि बऱ्याच वेळानं माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “कोण गेलं?” मला बोलायची परवानगी नव्हती. मी मालकांच्या केबिनकडे बोट दाखवलं. ते गृहस्थ डोळे टिपत माल न घेता परत गेले.

उटीच्या हॉटेलात पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. झालं. आठवडाभर आमच्या पॅकिंगच्या बायका हंस करत होत्या. दोन हंस बसतील एवढ्या खोक्यात पूर्वी डझनभर टॉवेल जायचे.

मालक सहलीत बघतात तरी काय, असं मी एकदा वहिनींना, म्हणजे मालकीणबाईंना विचारलं. वहिनी अक्कलकोटकडच्या. घरात नवरा-बायको कानडीत बोलतात, दुकानात मराठीत, आणि चिडले की दोन्हींत. वहिनी म्हणाल्या, “काय बघतेत? समुद्राकडं पाठ करून उभारले होते की. म्हटलं, अहो, मागं बघा, सूर्य बुडतोय. तर म्हणाले, थांब, तो नारळवाला एका हातानं नारळ तासतोय आन् दुसऱ्या हातानं रांग सांभाळतोय, ते बघू दे. हम्पीचा दगडी रथ अजून बघितला नाही ह्यांनी. गाइड एकच विनोद किती वेळा सांगतोय ते मोजत बसले.” मग सुस्कारा टाकून, “येन माडबेकु? काय करणार? लग्न केलंय.”

आता कुणी म्हणेल, एवढा सुट्टीतून शिकणारा माणूस नोकरांना सुट्टी तरी हसत देत असेल. माझ्या मुलीची दहावी झाली तेव्हा मी कोकणात जायला चार दिवस मागितले. मालक म्हणाले, “मॅडम, तुम्ही कशाला दगदग करताय? मी शिकून आलोय की.” सुट्टी ही एकानं घ्यायची आणि बाकीच्यांनी भोगायची गोष्ट आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. प्रामाणिक हा शब्द मी मुद्दाम लिहितेय. मालक लबाड नव्हते. लबाड माणसाशी वागणं सोपं असतं.

आणि मग ते कुर्गला गेले.

कुर्गच्या रस्त्याला त्यांना एक टपरी दिसली. केळ्यांचे घड टांगलेले, शेजारी पैसे टाकायला डबा, आणि दुकानदार नाही. मालक म्हणे तिथं पाऊण तास उभे होते. कुणीही फुकट केळं नेलं नाही. (वहिनींचं म्हणणं, पाऊण तासात कुणी आलंच नाही.) सोमवारी गठ्ठ्यावर बसून मालक म्हणाले, “शिकलो बघा. विश्वास. जिथं तपासणी हाय तिथं विश्वास न्हाय. आजपासून आपल्याकडं तपासणी बंद.”

आम्ही सगळ्यांनी एकदम खिडकीकडे पाहिलं. तिथं लांब टेबल होतं आणि टेबलाशी अक्का उभी होती.

अक्का म्हणजे नरसम्मा. साखर पेठेतल्या विणकर घरातली. नवरा माग चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे तेवीस वर्षं ती एकच काम करत होती. कारखान्यातून आलेला गठ्ठा सोडायचा, एकेक टॉवेल खिडकीच्या उजेडात धरायचा, गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग दिसला की बाजूला टाकायचा, बाकीचे पुन्हा बांधून वर चिठ्ठी लावायची. बघण्यापेक्षा ती बोटांनीच जास्त तपासायची. तोंडानं तेलुगूत सुनेच्या तक्रारी चालू आणि बोटं टॉवेलावर. मध्येच बोट थांबायचं, तक्रार थांबायची नाही.

मालक तिला म्हणाले, “अक्का, तुमच्यावर राग न्हाय बरं का. महिनाअखेरपर्यंत या. मग आराम करा. नातवंडं खेळवा.”

अक्का दुपारी डबा खाताना मला म्हणाली, “ताई, आराम म्हणजे घरीच बसायचं ना?”

“हो.”

“सुनेच्या समोर?”

“हो.”

“दिवसभर?” तिनं चिंचेच्या भाताचा डबा मिटला. “मला दुसरं काय येतंय? ह्या वयात मला कोण ठेवतंय? घरात कमावते म्हणून माझं ताट पहिलं वाढतेत, ताई. उद्या मी मागायचं का?”

मी मालकांकडे गेले. सरळ सांगितलं, की ही बाई गेली तर माल खराब जाईल. मालक माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, “मॅडम, तुम्ही ती टपरी बघितली असती ना...”

मी टपरी बघितली नव्हती. तिथंच माझी बाजू लंगडी पडली.

अक्काचा महिना अजून संपायचा होता, पण टेबल त्याच दिवशी भिंतीला लावून टाकलं. अक्का बाकावर बसून येणारे गठ्ठे न सुटता जाताना बघायची. पंधरा दिवसांत व्हायचं ते झालं.

आहेराचे टॉवेल हा आमच्या धंद्याचा मोठा भाग. लग्नात व्याह्यांना, पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. तो टॉवेल अंग पुसायला नसतोच. एका लग्नात मिळतो, दुसऱ्या लग्नात दिला जातो, आणि असा तालुकाभर फिरतो. आमच्याकडे त्याचे दोन प्रकार. लग्नाचा लाल-हिरव्या काठाचा. दुखवट्याला नेतात तो कोरा पांढरा, बिनकाठाचा. कारखान्यातून दोन्ही सारख्याच कागदात बांधून येतात आणि कारखान्याच्या चिठ्ठ्यांचा भरवसा कारखान्यालाही नसतो. गठ्ठा सोडून आत काय आहे ते बघायची ती अक्का.

बार्शीजवळच्या एका गावात लग्न होतं. मुलीचा मामा आमच्याकडून गठ्ठे घेऊन गेला. मांडवात मानपान सुरू झाला, नवऱ्या मुलाच्या चुलत्यापुढे ताट आलं, ताटात कोरा पांढरा टॉवेल. चुलते उठून उभे राहिले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “आमी लग्नाला आलोय का कुणाच्या दहाव्याला?” पुढचा तासभर मुलीचा बाप हात जोडत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात. तो टॉवेल त्यानं मालकांच्या टेबलावर पसरला. मालकांनी चहा मागवला, काठाचे टॉवेल बदलून दिले, फुकट चादरी वर ठेवल्या. त्या बाबतीत माणूस चोख. पण निघताना मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मामा, एक सांगू का? माणसानं विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे.”

मामा जागच्या जागी थांबला. “मालक, विश्वास ठेवला म्हणूनच तर गठ्ठा न सोडता मांडवात नेला की!”

मला वाटलं, आता डोक्यात उजेड पडेल. मालकांनी टेबलावरचा तो टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाले, “लई तापट माणूस.”

तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी खरं तर पहिल्या दोन पाट्यांनंतरच कळायला हवी होती. दुकानात घडतं त्यातून मालक काही शिकत नाहीत. नाकासमोर मांडव पेटला तरी तो त्यांच्यासाठी धंद्याचा त्रास. शिकायचं ते फक्त सुट्टीत, कुटुंबासोबत, गावाबाहेर. म्हणजे अक्काला वाचवायचं तर मालकांना सहलीला पाठवायला हवं होतं. महिनाअखेरीला बारा दिवस होते.

मी वहिनींना फोन केला. वहिनींना कोल्हापूर-पन्हाळा करायचंच होतं. मालक रेल्वेशिवाय जात नाहीत. मोटारीत सगळे पुढे बघतात, रेल्वेत कुटुंब समोरासमोर बसतं, हे त्यांचं आणखी एक सूत्र. गाडी कुर्डुवाडीहून पकडायची ठरली. त्यांची तिकिटं नेहमी मीच काढत असे. मालक, वहिनी, मुलगा, सून. चार तिकिटं काढली, छापली, पाकिटात घालून मालकांना दिली. तारीख बरोबर. महिना पुढचा.

चुकून नाही. डोळे उघडे ठेवून.

“तपासून घेता का?” मी विचारलं. विचारलं हे महत्त्वाचं.

“मॅडम,” मालक पाकीट न उघडता खिशात घालत म्हणाले, “तपासणी बंद.”

माझा हिशेब साधा होता. गाडी येईल, डब्यात दुसरीच माणसं बसलेली असतील, टीसी तिकीट बघून हसेल, भर फलाटावर चारचौघांत मालकांना कळेल की आधी बघायला हवं होतं. सोमवारी गठ्ठ्यावर बसतील, ‘शिकलो बघा, तपासणी,’ आणि अक्का परत टेबलाशी. मला ओरडा बसला असता. तो मी धरून चालले होते.

शनिवारी साडेअकराला वहिनींचा फोन. मागून घोषणेचा भोंगा.

“अगं, तिकीट पुढच्या महिन्याचं हाय!”

“अरे देवा.”

“देवाला मधे घेऊ नको. मुद्दाम केलंस का?”

वहिनींशी खोटं बोलायची सवय नव्हती. “हो. अक्कासाठी.”

वहिनी म्हणाल्या, “ह्यांना मोटार परत बोलवा म्हटलं तर नको म्हणतेत. संध्याकाळी दुसरी गाडी हाय, तिची वाट बघू म्हणतेत. हितंच बाकावर बसलोय आम्ही.”

“मालक चिडलेत का?”

“तेच तर गं. चिडले न्हाईत. बघते काय करतेत ते.”

मला ते ऐकून बरं वाटायला नको होतं, पण वाटलं. म्हटलं, आतून धुमसत असतील, म्हणजे धडा बसणार.

संध्याकाळच्या गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. शेवटी मोटार बोलावून मंडळी घरी आली. म्हणजे त्या खेपेची मालकांची सहल कुर्डुवाडीच्या फलाट क्रमांक दोनवर झाली. आठ तास. सोमवारी मी साडेनऊलाच जाऊन बसले. अक्काही आली होती. तिला मी सांगून ठेवलं होतं, आज काहीतरी होईल. एरवी ती सुती साडीत यायची, त्या दिवशी पेटीतली नेसून आली. ते बघून मला पहिल्यांदा आपण काय करून बसलो याची भीती वाटली.

मालक आले. गठ्ठ्यावर बसले. चेहरा असा की काशीला जाऊन आलेत.

“शिकलो बघा.”

शिंदे काहीच म्हणाला नाही.

“एवढी गावं फिरलो, पण अशी सुट्टी कधी झाली न्हाई. आठ तास! पोरगा माझ्याशी आठ तास बोलला. सुनेला गाता येतंय, मला म्हाईतच नव्हतं. मंडळींनी शेंगाचटणी-भाकरी काढली, तिथल्या हमालांनाबी दिली. कुणाला कुठं जायची घाई न्हाई. तिकीट चुकलं ते किती बरं झालं! मॅडमचे आभार मानले पाहिजेत.” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तर या खेपेचा धडा – वाट बघणं. आपण लई घाई करतो. कुठलाच निर्णय घाईनं घ्यायचा न्हाई. गाडी यायची तेव्हा येती.”

डायरी मिटली. तपासणीबद्दल अक्षर नाही.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिला सगळं मराठी कळतं, पण हे कळलं नव्हतं, की तिच्यासाठी यात काय आहे. काहीच नव्हतं. मी एवढं करून मालकांना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सुट्टी मिळवून दिली होती. महिनाअखेरीला चार दिवस राहिले होते.

मी इतक्या वर्षांत त्या सोमवारच्या सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“मालक, हा नियम आजपासून?”

“आत्तापासून.”

“सगळ्या निर्णयांना?”

“सगळ्या.”

“मग अक्काला काढायचा निर्णय आहे, त्याचीही वाट बघायची का?”

मालकांनी डायरी उघडली. पुन्हा मिटली. ते मनापासून विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही लपत नसे. अक्कानं पदर दोन्ही मुठींत धरला होता.

“बघायला पाहिजे,” ते म्हणाले. “नियम म्हणजे नियम.”

“किती दिवस?”

“मॅडम!” मालक कळवळून म्हणाले, “किती दिवस असं विचारलं की ती वाट राहती का?”

“आणि वाट बघताना अक्कानं नुसतं बसायचं?”

“नुसतं कशाला? आम्ही फलाटावर नुसतं बसलो का? काहीतरी करत राहायचं की. ज्याला जे येतंय ते.”

एवढं बोलून ते चहाला गेले. आपण काय दिलं हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढं कधीही नाही. विश्वासाची पाटी भिंतीवर, वाट बघण्याची पाटी तिच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवाला दुकान उघडलं. शिंदेला हाताशी घेतलं, टेबल भिंतीपासून ओढून खिडकीखाली आणलं आणि बार्शीला जाणारा पहिला गठ्ठा स्वतः उचलून अक्कासमोर ठेवला. तिनं सुतळी सोडली आणि सुनेबद्दल बोलायला सुरुवात केली.